दुरुस्तीआधीचे रीडिंग लिहून देणारी प्रयोगशाळा

मुंबईतल्या एका महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र विभागांतील उपकरणांची देखभाल माझ्याकडे आहे. यंदा जुलैत आम्ही एक साडेसहा अंकी मल्टिमीटर, एक पीएच मीटर आणि एक वैश्लेषिक तुला (अतिसूक्ष्म वजनाचा तराजू) ही तीन उपकरणे साकीनाका परिसरातल्या एका खासगी प्रयोगशाळेकडून कॅलिब्रेट करून घेतली, म्हणजे त्यांची रीडिंग्ज ज्ञात मानकांशी ताडून पाहिली. पुढे दोन तक्रारीही लिहायच्या असल्याने तिचे नाव देत नाही, मात्र ही सेवा आम्ही पुन्हा घेणार आहोत, हे आधीच सांगतो.

आमचा आधीचा सेवादार एका पानाचे प्रमाणपत्र देत असे. त्यावर उपकरणाचा क्रमांक, ‘समाधानकारक’ हा शेरा आणि शिक्का, एवढेच असे. या वेळी आम्ही प्रथम एनएबीएलच्या, म्हणजे प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाच्या, संकेतस्थळावर प्रयोगशाळेची मान्यताव्याप्ती पाहिली. एनएबीएलची मान्यता प्रयोगशाळेला सरसकट मिळत नाही. कोणती राशी, कोणत्या मर्यादेत आणि कमीत कमी किती अनिश्चिततेने मोजता येते, हे तिथे ओळीओळीने लिहिलेले असते. डीसी व्होल्टेजसाठी मान्यता असलेल्या प्रयोगशाळेला उच्च रोधासाठी ती असेलच असे नाही. बहुतेक जण लेटरहेडवरचे चिन्ह पाहून थांबतात, आणि पूर्वी आम्हीही तेच केले होते.

मल्टिमीटर भर पावसात टेम्पोतून गेला, पण प्रयोगशाळेत पोहोचल्यावर त्यांनी तो लगेच चालू केला नाही. एक पूर्ण दिवस 23 अंश सेल्सिअसच्या खोलीत ठेवून, त्यानंतर तासभर चालू ठेवून मगच मापने घेतली. मुंबईच्या पावसाळ्यात बाहेरच्या दमट हवेतून आणलेले उपकरण कोरडे होऊन खोलीच्या तापमानाला स्थिरावायला किती वेळ लागतो, हे ज्याने एकदा पाहिले आहे त्याला या एका दिवसाची किंमत कळेल.

सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे त्यांनी उपकरणाला हात लावण्याआधीची रीडिंग्ज स्वतंत्र रकान्यात लिहून दिली. 10 व्होल्ट दिले असता मीटर 10.00052 दाखवत होता, म्हणजे त्रुटी 0.52 मिलिव्होल्ट, उत्पादकाने दिलेली वर्षभराची मर्यादा 0.40 मिलिव्होल्ट. समायोजन करून नुसते नंतरचे आकडे दिले असते, तर मीटर उत्तम आहे असे समजून आम्ही निश्चिंत राहिलो असतो. प्रात्यक्षिकांपुरती ही त्रुटी नगण्य आहे हे खरे. परंतु आमची एक संशोधक विद्यार्थिनी याच मीटरवर व्होल्टेज रेफरन्सच्या (स्थिर, ज्ञात व्होल्टेज देणाऱ्या साधनाच्या) दीर्घकालीन स्थैर्याच्या नोंदी घेत होती, आणि तिथे दशलक्षात 52 भागांचा फरक म्हणजे सगळे मापनच संशयास्पद. तिला सात महिन्यांच्या नोंदी पुन्हा तपासाव्या लागल्या. ते काम कंटाळवाणे होते, पण प्रबंध सादर केल्यावर करावे लागले नाही.

या त्रुटीबाबत त्यांच्या तंत्रज्ञांनी फोन करून आणखी एक प्रश्न विचारला. मापनाची विस्तारित अनिश्चितता, म्हणजे मूळ अनिश्चिततेला दोनने गुणून (k = 2) काढलेली, साधारण 95 टक्के विश्वासपातळीची, 0.15 मिलिव्होल्ट होती. त्यामुळे खरी त्रुटी 0.37 ते 0.67 मिलिव्होल्ट यांच्या दरम्यान कुठेही असू शकते आणि 0.40 ची मर्यादा त्याच पट्ट्यात पडते. ‘अशा वेळी पात्र-अपात्र ठरवायचे कसे, हा निर्णयाचा नियम तुमच्याशी ठरवून मगच आम्ही शेरा लिहितो,’ असे ते म्हणाले. आम्ही अनिश्चितता बाजूला ठेवून सरळ तुलना करण्याचा नियम स्वीकारला आणि प्रमाणपत्रावर तो नियम व ‘मर्यादेबाहेर’ हा शेरा दोन्ही छापून आले.

तुलेचे काम त्यांनी आमच्या प्रयोगशाळेत येऊनच केले, आणि ते तसेच व्हायला हवे. इलेक्ट्रॉनिक तुला बल मोजते, त्यामुळे तिच्यावर गुरुत्वाचा परिणाम होतो. दिल्लीत जुळवलेली तुला न जुळवता मुंबईत आणली, तर 200 ग्रॅमच्या वजनाला सुमारे 0.1 ग्रॅम कमी दाखवेल. जी तुला 0.1 मिलिग्रॅमपर्यंत वाचते तिच्यासाठी हा फरक प्रचंड आहे. आलेल्या तंत्रज्ञांनी ई2 या उच्च अचूकतेच्या वर्गाची प्रमाण वजने दोन तास खोलीच्या तापमानाला येऊ दिली, पंखा बंद करायला लावला, आणि पुनरावृत्ती (तेच वजन पुन्हा ठेवल्यावर तेच रीडिंग येते का) तसेच पॅनच्या कोपऱ्यांवरचा फरक दोन्ही तपासले. प्रत्येक वजन चिमट्यानेच उचलले.

पीएच मीटरच्या बाबतीत मात्र निराशा झाली. दरपत्रकात ‘पीएच मीटर कॅलिब्रेशन’ असे लिहिले होते. प्रत्यक्षात त्यांनी सिम्युलेटरने फक्त मिलिव्होल्ट देऊन मीटरचा इलेक्ट्रॉनिक भाग तपासला. 25 अंशांना पीएच 7 आणि पीएच 4 यांतला फरक सुमारे 177.5 मिलिव्होल्ट येतो, तेवढा मीटर अचूक वाचतो, हे सिद्ध झाले. पण प्रयोगशाळेत बिघडते ते इलेक्ट्रोड, म्हणजे द्रावणात बुडवायची कांडी, मीटर क्वचितच. ते पीएच 4, 7 आणि 10 च्या बफरमध्ये (ज्ञात पीएचच्या द्रावणांत) बुडवून पाहिलेच गेले नव्हते. आम्ही नंतर आमच्याच प्रयोगशाळेत तपासले तेव्हा उतार, म्हणजे दर एक पीएचमागे मिळणारे मिलिव्होल्ट, सैद्धांतिक मूल्याच्या 88 टक्के निघाला. सुट्टीत कोणीतरी इलेक्ट्रोड पोटॅशियम क्लोराइडऐवजी डिस्टिल्ड पाण्यात ठेवला होता, ही चूक आमचीच. तरीही दरपत्रकात ‘इलेक्ट्रोडविना’ हा एक शब्द असता, तर आम्ही आधीच विचारले असते.

दुसरी तक्रार लेबलची. तिन्ही उपकरणांवर पुढच्या जुलैची ‘कॅलिब्रेशनची देय तारीख’ छापलेली होती. आयएसओ/आयईसी 17025 या प्रयोगशाळांसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या 2017 च्या आवृत्तीनुसार ग्राहकाशी तसे ठरलेले नसेल, तर प्रमाणपत्रावर किंवा लेबलवर पुढच्या कॅलिब्रेशनच्या कालावधीची शिफारस करायची नसते, आणि आमच्याशी तसे काहीच ठरलेले नव्हते. फोन केल्यावर ‘सगळेच ग्राहक तारीख मागतात’ हे उत्तर मिळाले, पण दोन दिवसांत कोरी लेबले आली. मल्टिमीटर मर्यादेबाहेर गेलेला असल्याने त्याच्या लेबलवर मी जानेवारी लिहिला आहे.