लॅब्राडॉरच्या पिलासाठी क्रेट : ३६, ४२ की ४८ इंच?

घरी लॅब्राडॉरचे पिलू येणार आणि त्याच्यासाठी तारेचा घडीचा क्रेट, म्हणजे झोपण्या-राहण्याचा पिंजरा, घ्यायचा, एवढे ठरले की दुकानात बहुधा दोनच प्रश्न विचारले जातात : जात कोणती आणि वजन किती. क्रेटच्या खोक्यावरचा तक्ताही याच दोन गोष्टींवर आधारलेला असतो. सरासरी बांध्याच्या कुत्र्याला तो तक्ता चालून जातो, परंतु त्यावर पूर्ण विसंबणे धोक्याचे आहे, कारण क्रेटमध्ये कुत्र्याची लांबी आणि उंची मावावी लागते आणि त्या दोन्हींचा अंदाज वजनावरून येत नाही. आपल्याकडचा मुधोळ किंवा कारवान याचे स्पष्ट उदाहरण आहे. या जातीचा नर पंचवीस किलोच्या आसपास भरतो, पण खांद्यापाशी त्याची उंची २६-२७ इंच असते. वजनाच्या तक्त्याप्रमाणे त्याला ३६ इंची क्रेट दिला, तर त्याला आयुष्यभर मान खाली घालून उभे राहावे लागेल. उलट, खाण्याने सुटलेला बीगल वजनाच्या तक्त्यात एक माप वर सरकतो, त्याच्या हाडांची लांबी मात्र तेवढीच राहिलेली असते.

म्हणून आधी टेप हातात घ्यावी. कुत्रा सरळ उभा असताना नाकाच्या टोकापासून शेपटीच्या बुडापर्यंतचे अंतर मोजावे. शेपटी त्यात धरू नये. मग तो बसलेला असताना जमिनीपासून डोक्याच्या माथ्यापर्यंतची उंची घ्यावी, आणि जर्मन शेफर्डसारखे किंवा बऱ्याच देशी कुत्र्यांसारखे कान ताठ असतील तर कानांच्या टोकापर्यंत घ्यावी. उभ्या स्थितीतली उंची जास्त भरत असेल तर तीच धरावी. दोन्ही मापांत २ ते ४ इंच मिळवले, की घरात वापरायच्या क्रेटचे आतले माप मिळते. येथे दोन गोष्टी सहसा निसटतात. क्रेटवर छापलेले माप बाहेरून घेतलेले असते, त्यामुळे आत थोडी जागा कमीच मिळते. आणि तळाशी तीन इंचांची गादी घातली तर तेवढी उंची कमी होते.

बाजारात क्रेट त्यांच्या लांबीच्या मापाने ओळखले जातात आणि २४, ३०, ३६, ४२ व ४८ इंच ही मापे सर्रास मिळतात. लॅब्राडॉर घेणाऱ्याची निवड शेवटच्या तिघांत असते. उत्पादकागणिक एखाद-दोन इंचांचा फरक पडतो हे गृहीत धरून त्यांची तुलना अशी :

| | ३६ इंची | ४२ इंची | ४८ इंची |
|---|---|---|---|
| लांबी × रुंदी × उंची (इंच) | ३६ × २३ × २५ | ४२ × २८ × ३० | ४८ × ३० × ३३ |
| जमिनीवर अडणारी जागा | पावणेसहा चौरस फूट | सव्वाआठ चौरस फूट | दहा चौरस फूट |
| नाक ते शेपटीचे बूड | साधारण ३२ इंचांपर्यंत | साधारण ३८ इंचांपर्यंत | साधारण ४४ इंचांपर्यंत |
| सहसा कोणाला बसतो | मध्यम चणीचा देशी कुत्रा | लॅब्राडॉर, गोल्डन रिट्रीव्हर | मोठा जर्मन शेफर्ड, रॉटवायलर |

ग्रेट डेनला ४८ इंचीही पुरत नाही. त्याच्यासाठी ५४ इंची शोधावा लागतो. पग किंवा पॉमेरेनियन पाळणाऱ्यांचा प्रश्न २४ इंचीवरच सुटतो.

३६ इंचीच्या बाजूने बोलणारी कारणे खरी आहेत. तो स्वस्त असतो, वजनाला हलका असतो आणि मुंबईच्या दीड खोलीच्या घरात सोफ्याशेजारी बसू शकतो. लॅब्राडॉरची लहान चणीची मादी असेल आणि तिचे आईवडीलही बुटके असतील, तर काही काळ तो पुरेसा वाटतो. अडचण अशी, की लॅब्राडॉर पाच-सहा महिन्यांतच या मापाच्या कडेला येऊन पोहोचतो आणि वर्षभरात त्याची उंची जवळजवळ पूर्ण झालेली असते. पूर्ण वाढलेल्या नराचे नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंतचे अंतर ३६ इंच आणि डोक्यापर्यंतची उंची २७-२८ इंच भरली, तर २५ इंच उंचीच्या क्रेटमध्ये त्याला मान वर करून उभेही राहता येत नाही. म्हणजे आज वाचवलेले पैसे सहा महिन्यांनी दुसऱ्या क्रेटवर खर्च करावे लागतात.

४८ इंचीचा मोह याच्या उलट कारणाने होतो : मोठे घेतले की कुत्रा मोकळा राहील, असे घरच्यांना वाटते. क्रेटचा मूळ उपयोग ध्यानात घेतला, तर हा मोह पिलाच्या बाबतीत अंगलट येतो. पिलू आपल्या झोपण्याच्या जागी घाण करणे शक्यतो टाळते, आणि शी-शू बाहेर करण्याची सवय लावताना याच स्वभावाचा आधार घेतला जातो. जागा त्याच्या अंगापेक्षा फार मोठी असेल, तर ते एका कोपऱ्यात शू करून दुसऱ्या कोपऱ्यात निवांत झोपते आणि सवय लागायला उगाच महिने जातात. पूर्ण वाढलेल्या लॅब्राडॉरलाही ४८ इंचीत मिळणारी जास्तीची जागा चारदोन पावले टाकण्यापुरतीच असते. व्यायाम त्याला बाहेरच द्यावा लागतो. शिवाय दहा चौरस फूट जागा आणि दार उघडायला लागणारी आणखी दोन फुटांची मोकळीक कायमची अडते.

यावर उपाय ४२ इंची क्रेट आणि त्यासोबत मिळणारा डिव्हायडर, म्हणजे आत कुठेही अडकवता येणारी तारेची आडजाळी. पिलू दोन महिन्यांचे असताना ही जाळी पुढे घेऊन त्याला उभे राहता, वळता आणि पाय ताणून झोपता येईल एवढीच जागा ठेवावी व ते वाढेल तशी ती मागे सरकवावी. तीच क्रेट वाढत्या पोराच्या झग्याच्या मुडपलेल्या काठासारखी पुरत जाते. सगळ्या क्रेटसोबत डिव्हायडर येतोच असे नाही आणि एका कंपनीचा दुसऱ्याच्या क्रेटला सहसा बसत नाही, म्हणून तो खोक्यात आहे ना, हे पैसे देण्यापूर्वी पाहावे. आईवडिलांची माहिती नसलेले देशी पिलू असेल, तर मी ३६ इंची आणि डिव्हायडर अशी निवड सुचवीन. मात्र चार-पाच महिन्यांचे होईपर्यंत वाट पाहून मग मोठा क्रेट घेणे हा त्याहूनही शहाणपणाचा मार्ग आहे.

या निवडीला एक अपवाद हवामानाचा आहे. थंड प्रदेशात कुत्रा अंगाचे मुटकुळे करून झोपतो. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात किंवा कोकणातल्या दमट दुपारी लॅब्राडॉर चारी पाय पसरून कुशीवर आडवा होतो आणि त्याला रुंदीकडून जास्त जागा लागते. अशा ठिकाणी मोजमाप दोन क्रेटांच्या मध्ये येत असेल, तर मोठ्याकडे झुकावे आणि जागा असेल तर मोठ्या बांध्याच्या नरासाठी ४८ इंचीचाही विचार करावा. सगळ्या बाजूंनी वारा खेळणारा तारेचा क्रेट येथे प्लॅस्टिकच्या बंद क्रेटपेक्षा कधीही बरा. किनाऱ्यालगत राहणाऱ्यांनी रंगाचा थर जाड आहे ना, हेही पाहावे, कारण खाऱ्या हवेत तारेच्या सांध्यांना गंज लवकर धरतो.

माप कितीही बरोबर असले, तरी कुत्र्याला दिवसभर आत ठेवणे त्यामुळे योग्य ठरत नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याच्या कलम ११ नुसार, प्राण्याला पुरेशी हालचाल करता येणार नाही इतक्या अपुऱ्या लांबी, रुंदी वा उंचीच्या पिंजऱ्यात ठेवणे हा गुन्हा आहे.

मोटारीसाठी विचार उलटा करावा लागतो. तेथे क्रेट अंगासरशी असलेला चांगला, कारण जोरात ब्रेक लागला की मोकळ्या जागेत कुत्रा भिंतीवर आदळतो. उभे राहण्या-वळण्यापुरती जागा पुरते.

घरचा क्रेट आणि विमानाचा क्रेट एकच असावा, ही इच्छा परदेशी जाऊ घातलेल्या पुण्या-मुंबईच्या कुटुंबांत हमखास दिसते. ती सोडून द्यावी हे उत्तम. विमानात पूर्णतः तारेचा क्रेट चालत नाही. कडक प्लॅस्टिकचा किंवा लाकडी लागतो, आणि त्याचे माप आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघटनेच्या, म्हणजे आयएटीएच्या, सूत्राने ठरते. नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंतच्या लांबीत जमिनीपासून पुढच्या पायाच्या कोपरापर्यंतच्या उंचीचा निम्मा भाग मिळवला की क्रेटची लांबी येते. खांद्यांच्या रुंदीची दुप्पट ही क्रेटची रुंदी. आणि उभ्या कुत्र्याच्या डोक्यापर्यंतची किंवा कानांपर्यंतची उंची, यांतली जी जास्त असेल ती, अधिक अंथरुणाची जाडी ही क्रेटची उंची. ही सगळी मापे आतली असतात. पग, बुलडॉग यांसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांसाठी क्रेट आणखी दहा टक्के मोठा लागतो, आणि कित्येक विमान कंपन्या त्यांना घेतच नाहीत.

आपल्या लॅब्राडॉरची लांबी ९० सेंटिमीटर, कोपरापर्यंतची उंची ३० आणि डोक्यापर्यंतची ७० सेंटिमीटर धरली, तर आतून १०५ सेंटिमीटर लांबी लागते. प्लॅस्टिकच्या क्रेटची मापे क्रमांकाने ओळखली जातात. त्यांत ५०० क्रमांकाचा क्रेट बाहेरूनच सुमारे १०२ सेंटिमीटर लांब असतो, म्हणजे त्याच्यावरच्या ७०० क्रमांकाच्या क्रेटकडे जावे लागते, ज्याचे माप साधारण १२२ × ८१ × ८९ सेंटिमीटर असते. घरी अशा वाढीव मापाचा विशेष भुर्दंड पडत नाही, पण मालवाहतुकीत भाडे बहुधा आकारमानावरून लावले जाते : सेंटिमीटरमधील तिन्ही मापांचा गुणाकार भागिले ६०००. त्या हिशेबाने ५०० क्रमांकाच्या क्रेटचे आकारमान-वजन सुमारे ८९ किलो येते आणि ७०० क्रमांकाच्या क्रेटचे सुमारे १४७ किलो. एक माप चुकीने जास्त घेतले तर भाडे दीडपटीहून अधिक होते, आणि कमी घेतले तर विमानतळावरूनच कुत्र्याला परत घरी आणावे लागते. म्हणून येथे अंदाज चालत नाही.

ही खरेदी लवकर उरकण्याचेही कारण नाही. अमेरिकेच्या १ ऑगस्ट २०२४ पासूनच्या नियमांप्रमाणे तेथे प्रवेश करणारा कुत्रा किमान ६ महिन्यांचा असावा लागतो. युरोपीय संघात भारतातून जाणाऱ्या कुत्र्याला बाराव्या आठवड्यानंतर रेबीजची लस, त्यानंतर किमान ३० दिवसांनी रक्तातील प्रतिपिंडांची चाचणी आणि चाचणीसाठी रक्त घेतल्यापासून पुढे ३ महिने थांबणे बंधनकारक असल्याने तोही जवळजवळ सात महिन्यांचा होईपर्यंत पोहोचू शकत नाही. या वयात लॅब्राडॉरची वाढ झपाट्याने चालू असते, त्यामुळे प्रवासाचा क्रेट निघण्याच्या सहा-आठ आठवडे आधी माप घेऊन खरेदी करावा. कुत्र्याला त्यात झोपण्याची सवय व्हायला एवढा अवधी पुरतो.

खर्च वाचवण्यासाठी वापरलेला क्रेट घेण्यास हरकत नाही आणि प्रवासाच्या मोठ्या क्रेटसाठी तो मार्ग चांगलाच आहे. तारेचा जुना क्रेट पाहताना कड्या नीट बसतात ना, तळाचा ट्रे चिरलेला नाही ना आणि डिव्हायडर हरवलेला नाही ना, हे तपासावे. पिलाच्या बाबतीत मात्र अधिक सावधगिरी हवी, कारण पार्वो या पिलांच्या जीवघेण्या उलट्या-जुलाबांच्या रोगाचा विषाणू वस्तूंवर महिनोन्‌महिने टिकतो आणि साध्या साबणाने मरत नाही. आधी साबणाने मळ काढून मग एक भाग घरगुती ब्लीच आणि तीस भाग पाणी या द्रावणाने क्रेट दहा मिनिटे ओला ठेवून धुवावा लागतो, आणि लसींचा पहिला क्रम पूर्ण न झालेल्या पिलासाठी मी तरी नवाच क्रेट घेण्याचा सल्ला देईन.