एल्फ बाहुलीचं विणकाम किट : कपडे एक नंबर, तार नापास

टोकदार कानांची एल्फ बाहुली, सुयांवर विणायची, आत तार घालून हातपाय वाकवायचे आणि कपडे काढता-घालता येणारे, असं किट भाचीसाठी ऑनलाइन मागवलं होतं. विक्रेत्याचं नाव टाकत नाही, उगाच वाद नको. घरात आता सगळे तिला कानवालीच म्हणतात.

कपड्यांना पैकीच्या पैकी मार्क. झगा, कोट, बूट, बेल्ट, टोपी सगळं सुटं, आणि जिने कुणी पॅटर्न बसवलाय तिने डोकं लावलंय. बाहुलीचं डोकं अंगाच्या मानाने मोठं, गळ्यातून झगा जाणारच नाही, म्हणून पाठ अख्खी उघडी ठेवून टिचबटणं दिलीत. टोपीला कानांसाठी फटी आहेत, तिथे थोडे टाके बंद करायचे आणि पुढच्या ओळीत तेवढेच परत घालायचे, काजं करतो तसंच. हाताला बोटं नाहीत, नुसती गोल मूठ, ते मला आधी खटकलं होतं पण बाही चढवताना कळतं की अंगठा असता तर दरवेळी लोकर अडकली असती.

सुई २ मिमीची लिहिलीय. आपल्याकडे जुन्या दुकानांत अजून नंबर चालतो आणि नंबर वाढेल तशी सुई बारीक, तर २ मिमी म्हणजे १४ नंबर मागा. स्वेटरची १० नंबर सव्वातीन मिमीची असते, तिच्यावर टाके सैल पडतात आणि आतला कापूस बाहेर डोकावतो.

आता तार. अहो, बांधकामावर सळया बांधतात ती बाईंडिंग वायर दिलीय चक्क! इतकी बारीक की हात वर केला की आपोआप खाली, गुडघा चार दिवस वाकवला की तिथेच तुटणार, धुतली की गंजाचे डाग, आणि तुटलेलं टोक टाक्यांतून बाहेर येतं, हे पोरांच्या हातात द्यायचंय राव. मी इलेक्ट्रिकलच्या दुकानातून अॅल्युमिनियमची सर्व्हिस वायर (खांबावरून घराच्या मीटरला येते तसली) आणली, ४ स्क्वेअर एमएमची, म्हणजे हा तारेचा छेद, जाडी नव्हे; आत एकच भरीव तार असते साधारण सव्वादोन मिमी जाड. वरचं प्लास्टिक काढू नका, टोकं वळवून बारीक डोळा करा नि वर चिकटपट्टी गुंडाळा. आकृतीत कणा एकेरी दाखवलाय, तो दुहेरी पीळ देऊन करा नाहीतर डोक्याच्या वजनाने मान पडते. अॅल्युमिनियमपण वाकवून वाकवून कधीतरी तुटतंच, पण पोझ नीट धरतं आणि लाल गंज नाही. तरी ३ वर्षांखालच्या पोरांना ही बाहुली देऊच नका, तार आहे, टिचबटणं आहेत.

लोकर अॅक्रिलिक ४ प्लाय, बरी आहे. केसांची मात्र कमी पडली, आमच्या सांगलीतल्या हरभट रोडवरून एक गुंडा आणला, रंग किंचित वेगळा, चालतंय.

नुसता पॅटर्न वेगळा मिळत असेल तर तोच घ्या, बाकी सामान सगळं सांगलीत मिळतंय की. आणि बूट सगळ्यात शेवटी विणा, तार आणि कापूस भरल्यावर पाय जाड होतो, मग आधी विणलेले बूट चढत नाहीत.