कंत्राटी कामगारांचे व्यवस्थापन बाहेर सोपवल्यानंतर: अंबडच्या एका कारखान्याचा अनुभव

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत विजेच्या पॅनेलची पत्र्याची कपाटे आणि प्रेसचे सुटे भाग बनवणाऱ्या आमच्या कारखान्याने गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात कंत्राटी कामगारांचे व्यवस्थापन एका बाहेरच्या संस्थेकडे सोपवले. दिवाळीचा बोनस, होळीची गळती आणि मार्चअखेरची घाई या तिन्ही कसोट्या आता पार पडल्या आहेत. सातपूर, अंबड किंवा सिन्नरमध्ये हाच निर्णय घेऊ पाहणाऱ्यांना उपयोग व्हावा, म्हणून मनुष्यबळ विभागाच्या बाजूने हा अनुभव मांडत आहे.

पूर्वी आमच्याकडे चार ठेकेदार होते आणि प्रत्येकाचे मस्टर, पगाराची तारीख आणि उचल देण्याची रीत वेगळी होती. फाटकावरची बायोमेट्रिक हजेरी, सुपरवायझरच्या वहीतला ओव्हरटाइम आणि ठेकेदाराचे बिल हे तिन्ही आकडे महिनाअखेरीस एकमेकांशी जुळत नसत. ते जुळवण्यात आमच्या विभागाचा पहिला आठवडा जाई, आणि कामगारांच्या खऱ्या तक्रारी ऐकायला वेळच उरत नसे. त्यात नाशिकची स्वतःची अशी एक अडचण आहे. आमचे बरेच कामगार पेठ, सुरगाणा आणि हरसूल भागातले आहेत. भाताच्या लावणीला ते गावी जातात, ऑक्टोबरच्या छाटणीपासून दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागा त्यांना बोलावतात, आणि होळीला तर ते घरी जाणारच. त्यामुळे संख्या सतत वरखाली होते. निर्णय घेताना एकूण कामगार किती, यापेक्षा ही चढउतार आणि ठेकेदारांची संख्या हेच खरे निकष धरावेत, असे माझे ठाम मत झाले आहे. एकच भरवशाचा ठेकेदार आणि वर्षभर स्थिर असलेली माणसे असतील, तर मध्ये आणखी एक संस्था आणण्याचे कारण मला दिसत नाही.

सर्वांत मोठा फायदा नोंदणीत झाला. यूएएन (भविष्य निर्वाह निधीचा कायमचा खाते क्रमांक) आणि ईएसआयचा, म्हणजे कामगार राज्य विमा योजनेचा, विमा क्रमांक तयार झाल्याशिवाय नव्या माणसाचा गेटपास निघत नाही, ही अट आम्ही करारात घातली आणि संस्थेने ती पाळली. ज्या ठिकाणी प्रेस मशीन चालते तिथे या अटीचे मोल वेगळे सांगायला नको, कारण बोटाला इजा झालेल्या माणसाची नोंदणी अपघातानंतर करण्याचा प्रयत्न किती केविलवाणा असतो, हे या वसाहतीत बहुतेकांनी पाहिले आहे. एकवीस हजारांपर्यंत वेतन असलेल्या कामगारासाठी मालकाचे 3.25 टक्के आणि त्याचे स्वतःचे 0.75 टक्के एवढ्यावर त्याला आणि त्याच्या कुटुंबाला उपचार मिळतात, आणि तेवढ्यासाठी कोणालाही पहिल्या दिवशी असुरक्षित ठेवणे मला अक्षम्य वाटते. किमान वेतनातला विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी बदलतो. पूर्वी तो लागू व्हायला महिने लागत आणि फरकाच्या रकमेवरून कुरबुर होई, आता तो त्याच महिन्याच्या पगारात दिसतो.

मात्र काम सोपवले म्हणजे जबाबदारीही गेली, अशी समजूत करून घेणे धोक्याचे आहे. 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यात ठेकेदाराने वेतन थकवले तर ते मूळ मालकाने, म्हणजे ज्याच्या कारखान्यात काम चालते त्याने, द्यायचे, अशी स्पष्ट तरतूद होती आणि त्याच्या जागी आलेल्या नव्या श्रम संहितेनेही तेच तत्त्व ठेवले आहे. भविष्य निर्वाह निधी आणि ईएसआयच्या बाबतीतही कायद्याचा हात शेवटी आपल्यापर्यंतच पोहोचतो. म्हणून पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत निधी आणि ईएसआयचे भरलेले चलन आले की आम्ही फक्त एकूण रक्कम पाहत नाही, तर ईसीआरमधली (निधीच्या मासिक विवरणातल्या कामगारांच्या यादीतली) नावे आणि दिवस फाटकावरच्या हजेरीशी ताडून पाहतो. महिन्याच्या मध्यात रुजू झालेल्या काही जणांची नावे एकदा त्यात नव्हती. संस्थेने ती पुढे भरली, पण आम्ही विचारले म्हणून भरली. ही यादी वाचू शकणारा माणूस आपल्या कार्यालयात नसेल, तर तो तयार होईपर्यंत बाहेर काही सोपवू नये.

याच काळात, 21 नोव्हेंबर 2025 रोजी, जुने कामगार कायदे एकत्र करणाऱ्या चारही श्रम संहिता लागू झाल्या आणि एक मूलभूत प्रश्न समोर आला. आस्थापनेच्या मुख्य कामात कंत्राटी कामगार लावण्यास त्यांतली व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थितीची संहिता मनाई करते. अचानक वाढलेले काम ठरावीक मुदतीत पुरे करणे, दिवसाचा बराचसा भाग पूर्णवेळ माणूस न लागणे, असे मोजके अपवाद त्यात आहेत. माल चढवणे-उतरवणे, सफाई, उपाहारगृह ही कामे मुख्य धरली जात नाहीत, पण आमच्यासारख्या कारखान्यात प्रेस चालवणे हे मुख्यच काम आहे. माणसांचे व्यवस्थापन कोणी करावे, याआधी ते काम कंत्राटाने देता येते का, हे ठरवावे लागते, आणि त्याचे उत्तर संस्थेकडे मागणे योग्य नाही, कारण तिचे उत्पन्न माणसांच्या संख्येवर अवलंबून आहे. करार केवळ देखावा असल्याचे सिद्ध झाले, तर कामगार मूळ मालकाचेच ठरतात, हे सर्वोच्च न्यायालयाने भारतीय पोलाद प्राधिकरणाच्या (सेल) खटल्यात 2001 मध्येच सांगितले आहे. मध्ये कितीही नीटनेटकी संस्था असली तरी त्यात फरक पडत नाही.

मार्चमध्ये अपेक्षेप्रमाणे ओढाताण झाली. होळी, द्राक्षांची काढणी आणि आमच्या ग्राहकांची वर्षअखेर एकाच वेळी आली. संस्थेने दुसऱ्या जिल्ह्यांतून माणसे आणून चुंचाळ्यात त्यांच्या राहण्याची सोय केली, त्यामुळे पूर्वीसारखी पाळी रिकामी गेली नाही. पण संख्या भरली तरी हात बसलेले नव्हते आणि पावडर कोटिंगमध्ये, म्हणजे पत्र्यावर भुकटीचा रंग चढवण्याच्या कामात, नाकारलेला माल वाढला. जुना मुकादम कोण कधी परत येईल, कोणाच्या घरी आजारपण आहे, हे तोंडपाठ सांगत असे. संस्थेच्या हेल्पलाइनवर बसलेल्या मुलाला ते माहीत असणे शक्य नाही. म्हणून दोन मुकादमांना संस्थेच्याच पगारपत्रकावर घ्यावे, असा आग्रह आम्ही धरला, आणि पुढची गळती त्यामुळे बरीच आवरली. सुरक्षेचे प्रशिक्षण मात्र आम्ही कधीच बाहेर दिले नाही. आपले मशीन कुठे दगा देते, हे आपल्या फोरमनलाच ठाऊक असते.

खर्च वाढला, हे लपवण्यात अर्थ नाही. सेवाशुल्क वरचे आहे, आणि संपूर्ण बिलावर 18 टक्के जीएसटी लागतो. संस्थेने विवरणपत्र वेळेवर भरले तरच त्या कराचे क्रेडिट, म्हणजे आपल्या करातून वजावट, आपल्याला मिळते, त्यामुळे तेही दर महिन्याला पाहावे लागते. याच्या बदल्यात आमच्या विभागाला महिन्याचा पहिला आठवडा परत मिळाला.

करार आम्ही पुढे चालू ठेवला आहे, पण तो आता लोडिंग, पॅकिंग, सफाई आणि मुदतीच्या जादा कामापुरता आहे. आधीच्या महिन्याचे चलन नावांसह जोडल्याशिवाय बिल मंजूर होत नाही. प्रेसवर अनेक वर्षे काम केलेल्या ऑपरेटरांना टप्प्याटप्प्याने कारखान्याच्या स्वतःच्या मस्टरवर घेण्याचा प्रस्ताव व्यवस्थापनाने स्वीकारला असून पहिल्या तुकडीची वैद्यकीय तपासणी सुरू झाली आहे.