ओगची उंची कोणाच्या पुस्तकात पाहावी : तबरी, सालबी की इब्न कसीर?

प्रारंभीच्या इस्लामी परंपरेत ज्यू मूळ असलेल्या कथा कशा आल्या, कशा रुजल्या आणि पुढे त्यांच्याबद्दल संशय का निर्माण झाला, हे ज्याला मूळ ग्रंथांतून समजून घ्यायचे आहे, त्याच्यासमोर पहिला प्रश्न उभा राहतो तो ग्रंथाच्या निवडीचा. या कथांना इस्लामी विद्वान ‘इस्राईलियात’ म्हणतात. त्या असंख्य ग्रंथांत विखुरलेल्या आहेत, पण नव्या वाचकाच्या हाती बहुधा तीन लेखकांपैकी एकजण लागतो : नवव्या-दहाव्या शतकातील तबरी, अकराव्या शतकाच्या पूर्वार्धातील सालबी किंवा चौदाव्या शतकातील इब्न कसीर. ज्याच्याकडे सध्या एकाच लेखकापुरता वेळ आहे, अशा वाचकासाठी ही तुलना आहे.

कुराणात नूह, इब्राहीम, मूसा, दाऊद हे पैगंबर वारंवार येतात, पण त्यांच्या कथा बहुतेक वेळा संकेतरूपानेच येतात. ऐकणाऱ्याला प्रसंग ठाऊक आहे असे गृहीत धरून त्यातील बोध पुढे ठेवला जातो. साहजिकच पुढच्या पिढ्यांना तपशिलांची ओढ लागली आणि तो तपशील ज्यांच्याकडे होता, त्यांना विचारणे सुरू झाले. मदिनेतील ज्यू विद्वान अब्दुल्ला इब्न सलाम यांनी पैगंबरांच्या हयातीतच इस्लाम स्वीकारला होता. येमेनमधील ज्यू पंडित काब अल-अहबार खलिफा उमर यांच्या काळात मुसलमान होऊन पुढे सीरियातील होम्स येथे वारले. येमेनचेच वहब इब्न मुनब्बिह त्यांच्यानंतरच्या पिढीतले आणि प्राचीन ग्रंथांचे जाणकार म्हणून ख्यातनाम होते. या कथा ऐकाव्यात की नाही, याबाबत हदीसमध्येच, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या परंपरेतच, दोन सूर आहेत. ‘बनी इस्राईलकडून (इस्राएलच्या वंशजांकडून) आलेले सांगा, त्यात हरकत नाही’ असे एक वचन आहे, तर ग्रंथधारकांचे, म्हणजे ज्यू व ख्रिस्ती लोकांचे, म्हणणे खरेही मानू नका आणि खोटेही ठरवू नका, असे दुसरे आहे. पुढची सारी चर्चा या दोन वचनांच्या मधल्या जागेत घडलेली आहे.

तिन्ही लेखकांची पद्धत पारखायला बाशानचा राजा ओग याची कथा फार उपयोगी पडते, कारण तिची पावले मागे नेता येतात. बायबलच्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात ओगचा लोखंडी पलंग ९ हात लांब आणि ४ हात रुंद असल्याचा उल्लेख आहे. माणूस धिप्पाड, पण कल्पनेच्या आवाक्यातला. तालमूद या ज्यू धर्मचर्चेच्या प्राचीन ग्रंथात हाच ओग इस्राएलच्या छावणीवर फेकण्यासाठी अख्खा डोंगर उपटून डोक्यावर घेतो, मुंग्या त्या डोंगराला भोक पाडतात आणि तो त्याच्या गळ्यात अडकतो. मग १० हात उंचीचा मोशे (कुराणातील मूसा) १० हातांची कुऱ्हाड घेऊन १० हात उंच उडी मारतो, तेव्हा कुठे त्याचा घाव ओगच्या घोट्यावर बसतो.

तबरी यांचा जन्म ८३९ मध्ये कास्पियन समुद्राच्या दक्षिणेकडील आमुल गावी झाला आणि ९२३ मध्ये बगदादमध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचे कुराणभाष्य आणि विश्वाच्या निर्मितीपासून सुरू होणारा इतिहास, हे दोन्ही ग्रंथ या विषयासाठी खाण आहेत. ओगबद्दल त्यांच्याकडे पैगंबरांचे चुलतभाऊ इब्न अब्बास यांच्यापर्यंत पोहोचणारी कथा आहे : मूसांची उंची १० हात, काठी १० हात, उडी १० हात, घाव घोट्यावर. तालमूदचे माप जसेच्या तसे उरले आहे, फक्त कुऱ्हाडीच्या जागी काठी आली आहे, कारण कुराणाच्या श्रोत्याच्या मनात मूसा म्हटले की हातात काठीच असते. मला हा बदल कोणत्याही सिद्धान्तापेक्षा अधिक बोलका वाटतो. कथा उचलली गेली असे म्हणण्यापेक्षा ती नव्या घरात नांदू लागली असे म्हणणे अधिक योग्य, हे या एका काठीवरून दिसते. काब यांचा सावत्र मुलगा नौफ याच्याकडून आलेली आणखी एक कथा तबरी देतात, त्यात ओगचा पलंग ८०० हातांचा झालेला आहे.

तबरींचे बलस्थान म्हणजे इस्नाद, अर्थात कोणी कोणाकडून ऐकले याची नावानिशी साखळी. ते एकाच प्रसंगाची चार-पाच कथने एकापुढे एक ठेवतात आणि अनेकदा निवाडा न देता पुढे जातात. आपल्या इतिहासाच्या प्रस्तावनेत त्यांनी स्पष्ट म्हटले आहे की वाचकाला एखादी गोष्ट न पटणारी वाटली, तर ती आमच्याकडून आलेली नसून सांगणाऱ्यांकडून आमच्यापर्यंत आलेली आहे. ही भूमिका आजच्या वाचकासाठी मोलाची आहे, कारण माल गाळून न घेता पुढे ठेवलेला असल्याने काब किंवा वहब यांचे नाव कुठे येते आणि कुठे येत नाही, हे स्वतः तपासता येते. अडचण एवढीच की वाचन सरळ होत नाही. नावांच्या साखळ्या सतत मध्ये येतात आणि सुरुवातीची पन्नास पाने सोसावी लागतात.

निशापूरचे सालबी (निधन १०३५) यांचा ‘अराइस अल-मजालिस’ हा पैगंबरकथांचा ग्रंथ मात्र पहिल्या पानापासून हाताला धरून नेतो. साखळ्या बहुतांशी आखडलेल्या आहेत, प्रसंग सलग आहेत आणि ग्रंथाची मांडणीच ‘मजलिस’ म्हणजे बैठकांची आहे. कीर्तनातले आख्यान ऐकलेल्या मराठी माणसाला त्याची घडण ओळखीची वाटेल, कारण वचन, मग कथा आणि कथेतून पुन्हा वचनाकडे येणे असा क्रम तेथेही दिसतो. (एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईच्या बेने इस्राएल समाजाने अब्राहाम, योसेफ यांची आख्याने मराठी कीर्तनात आणली, हे येथे सहज आठवते.) सालबींच्या ओगला नूहच्या प्रलयाचे पाणी गुडघ्यापर्यंत पोहोचते, तो समुद्रातला मासा हाताने काढून सूर्यावर भाजून खातो आणि त्याच्या डोक्यावरच्या खडकाला मुंग्यांऐवजी हुदहुद पक्षी भोक पाडतो. हुदहुद हा कुराणात सुलेमानांच्या कथेत येणारा पक्षी. म्हणजे तबरींकडे काठीच्या बाबतीत जे झाले, तेच येथे मुंग्यांच्या बाबतीत झाले आहे. कथेचा रस, लोकमानसात तिला मिळालेले रूप आणि पुढच्या चित्रांत व लोककथांत उतरलेला तपशील पाहायचा असेल, तर सालबींना पर्याय नाही. मात्र पहिल्या-दुसऱ्या हिजरी शतकात नेमके काय सांगितले जात होते, याचा पुरावा म्हणून हा ग्रंथ एकटा वापरू नये. तेवढ्या कामासाठी तो उशिराचा आहे आणि फार गुळगुळीत झालेला आहे.

दमास्कसचे इब्न कसीर (निधन १३७३) यांच्याकडे आल्यावर स्वर पूर्ण बदलतो. त्यांचे गुरू इब्न तैमिया यांनी या कथांची तीन प्रकारांत विभागणी केली होती : इस्लामी प्रमाणांशी जुळणाऱ्या, त्यांच्या विरोधात जाणाऱ्या आणि दोन्ही नसलेल्या. कुराणातील गुहेत झोपलेल्या लोकांच्या कुत्र्याचा रंग कोणता, मूसांची काठी कोणत्या झाडाची, असल्या तपशिलांतून काहीही साधत नाही, असे त्यांचे मत होते. शिष्याने ती चाळणी प्रत्यक्ष भाष्यात वापरली. सूरा माइदाच्या, म्हणजे कुराणाच्या पाचव्या अध्यायाच्या, भाष्यात इब्न कसीर ओगची प्रचलित उंची, ३,३३३ हात आणि वर एक तृतीयांश हात, नोंदवतात आणि ही सांगायलाही लाज वाटावी अशी गोष्ट आहे, असे म्हणून तिचे खंडन करतात. त्यांचा युक्तिवाद वाचण्यासारखा आहे. प्रमाण हदीसनुसार आदमची उंची ६० हात होती आणि तेव्हापासून माणसाचा आकार घटतच आला आहे. मग नंतरचा माणूस इतका उंच कसा? शिवाय, पृथ्वीवर एकही नाकारणारा शिल्लक ठेवू नकोस, अशी नूहची प्रार्थना कुराणात आहे, आणि खुद्द नूहचा मुलगा बुडतो. तेथे हा ओग कसा वाचेल?

ओग गमतीचा वाटला, तरी फरक केवळ गमतीच्या कथांपुरता नाही. इब्राहीम यांनी ज्याचा बळी देण्याची तयारी केली तो मुलगा कोण, याचे नाव कुराणात दिलेले नाही. तबरी दोन्ही बाजूंची कथने मांडून इसहाक यांच्या बाजूने कौल देतात. इब्न कसीर ठामपणे इस्माईल म्हणतात आणि इसहाक यांचे नाव सांगणारी कथने काब अल-अहबार यांच्याकडून आली असावीत, असे सुचवतात. उरिया या सैनिकाच्या बायकोवर मन जडल्याने दाऊद त्याला युद्धात मरायला पाठवतात, या प्रसंगात तर अंतर आणखी वाढते. तबरी ती कथा सोन्याच्या पक्ष्यासह विस्ताराने देतात. तालमूदमध्येही तेथे पक्ष्याच्या रूपातला सैतान आहे. इब्न कसीर मात्र, येथे भाष्यकारांनी दिलेली कथा बहुतांशी इस्राईलियातमधील आहे, एवढे सांगून ती न देताच पुढे जातात. पैगंबर पापापासून सुरक्षित असतात, ही श्रद्धा मधल्या साडेचार शतकांत किती दृढ झाली होती, याचा अंदाज या मौनावरून येतो.

इब्न कसीर यांच्यापासूनच सुरुवात करण्याचा मोह अनेकांना होतो, कारण त्यांच्याकडे उत्तर तयार मिळते. माझा सल्ला याच्या उलट आहे. ‘इस्राईलियात’ ही संज्ञा त्यांच्या हाती दोषदर्शक शिक्का झालेली आहे आणि तो शिक्का आधी पाहिला, की सातव्या-आठव्या शतकातील लोक या कथा किती मोकळेपणाने ऐकत होते, हे दिसेनासे होते. त्याचप्रमाणे, ज्यू ग्रंथात सापडणारी प्रत्येक गोष्ट तेथूनच इकडे आली, असेही समजू नये. ‘पिर्के दे-रब्बी एलिएझर’ या हिब्रू ग्रंथात इस्माएलच्या दोन बायकांची नावे आयेशा आणि फातिमा आहेत. त्या ग्रंथाला आजचे रूप इस्लामच्या उदयानंतर आले, हे त्यावरून उघड होते. येथे ज्यू कथाकारानेच मुसलमान शेजाऱ्याकडून ऐकलेले आहे. शेजाऱ्यांच्या कथा एका दिशेने वाहत नाहीत.

उपलब्धतेचाही विचार करायला हवा. तबरींच्या इतिहासाचा संपूर्ण इंग्रजी अनुवाद ४० खंडांत आहे. त्यातील दुसरा आणि तिसरा खंड, म्हणजे इब्राहीमपासून बनी इस्राईलपर्यंतचा भाग, विल्यम ब्रिनर यांनी अनुवादित केला आहे. सालबींच्या ग्रंथाचा २००२ साली प्रसिद्ध झालेला अनुवादही ब्रिनर यांचाच असल्याने दोन्ही शेजारी ठेवून वाचणे सोपे जाते. इब्न कसीर यांचे भाष्य उर्दू वाचकाला सहज मिळते, पण इंग्रजीत सर्वत्र दिसणारी १० खंडांची आवृत्ती संक्षिप्त आहे. तिच्यात दुर्बळ मानलेली कथने गाळलेली असल्याने, ज्या खंडनासाठी आपण ती उघडतो, तेच तिथे असेल याची खात्री बाळगू नये.

म्हणून ज्याला विषय समजून घ्यायचा आहे, त्याने तबरींचा तिसरा खंड घ्यावा आणि मूसा व ओग यांच्या प्रकरणापासून आरंभ करावा. सुरुवातीला नावांच्या साखळ्या ओलांडून फक्त कथा वाचावी, दुसऱ्या वाचनात साखळीतील शेवटचे नाव पेन्सिलीने अधोरेखित करावे, आणि त्यानंतरच सूरा माइदावरील इब्न कसीर यांचे पूर्ण, असंक्षिप्त भाष्य उघडावे. ज्याला अभ्यास नको, रात्री दोन प्रकरणे वाचायची आहेत, त्याने निःसंकोच सालबी घ्यावेत.