गोल तळाच्या खड्ड्यांसाठी बॉल-नोज कटर
लाकडात गोल तळाचे खड्डे पाडण्यासाठी मी १२ मिलिमीटर व्यासाचा, दोन धारांचा बॉल-नोज कटर, म्हणजे अर्धगोल टोकाचे कापण्याचे हत्यार, ड्रिल प्रेसवर (स्टँडवर बसवलेल्या उभ्या ड्रिल यंत्रावर) वापरला आणि त्याच्या कामावर मी मनापासून समाधानी आहे. खोली ६ मिलिमीटर, म्हणजे त्रिज्येएवढी ठेवली की खड्डा नेमका अर्धगोल उतरतो. टोकाच्या अगदी मध्यावर कापण्याचा वेग जवळजवळ शून्य असल्याने तिथे लाकूड कापले जाण्याऐवजी घासले जाते. म्हणूनच हँडल हळूहळू दाबावे आणि मध्येमध्ये कटर वर घेऊन भुसा काढावा, नाहीतर तळाशी पडलेला करपट काळा डाग पॉलिश पेपरने सहजी जात नाही. लाकूड क्लॅम्पने पक्के आवळावे. कटर आडवा सरकवून चर मात्र पाडू नये, कारण ड्रिलचा चक (कटर पकडून ठेवणारा भाग) बाजूचा ताण सोसण्यासाठी बनवलेला नसतो.