खतयंत्र : चौदा महिन्यांच्या वापरानंतर

यंत्र आलं तेव्हा नारळ फोडला होता. जून २०२४, पहिला पाऊस नुकताच पडून गेलेला, कॅन्टीनच्या मागच्या शेडमध्ये प्लांट हेड, एचआर, खरेदी विभाग, सगळे फोटोपुरते जमलेले. खोबरं वाटून झालं आणि कुणीतरी उत्साहाच्या भरात त्या नारळाची करवंटी यंत्रात टाकली. संध्याकाळी आतून खडखडाट सुरू झाला. करवंटी चालत नाही हे माहितीपुस्तिकेत छापलेलं होतं, पण पुस्तिका तेव्हा खरेदी विभागाच्या फाइलमध्ये होती.

मी चाकणच्या एका सुट्या भागांच्या कारखान्यात सुरक्षा आणि पर्यावरण बघते. तीन पाळ्या, रोज अकराशेच्या आसपास ताटं. यंत्र कुठल्या कंपनीचं ते लिहीत नाही. घेण्याआधी चार ठिकाणची पाहिली होती आणि चारही आतून सारखीच वाटली: खाली हीटर, मध्ये फिरणारी पाती, वर धूर बाहेर काढणारा पंखा आणि दर्शनी बाजूला 'ओल्या कचऱ्याचं २४ तासांत खत' असं हिरवं स्टिकर. आमचं रोजच्या १२५ किलोंचं. किंमत नऊ लाखांच्या घरात.

घेतलं का, तर खरं कारण कचरा हे नव्हतंच. आमचं मोठं गिऱ्हाईक शेअर बाजारात नोंदलेली कंपनी आहे. सेबीने २०२१ मध्ये बीआरएसआर नावाचा, कंपनीची जबाबदारी आणि शाश्वतता मांडणारा अहवाल आणला आणि २०२२-२३ पासून तो बाजारमूल्याने पहिल्या १,००० नोंदणीकृत कंपन्यांना बंधनकारक केला. त्यात कचऱ्याचा रकाना आहे: प्लास्टिक किती, ई-कचरा किती, घातक किती, त्यातलं पुन्हा वापरात किती गेलं, जाळलं किती, पुरलं किती. त्या कंपन्यांनी मग आमच्यासारख्या पुरवठादारांना प्रश्नावल्या पाठवायला सुरुवात केली. आमच्याकडे आलेल्या प्रश्नावलीत 'ओल्या कचऱ्याचं काय करता?' असा प्रश्न होता. तोवर महिन्याला अकरा हजार रुपये घेऊन एक टेम्पोवाला तो उचलायचा. कुठे नेतो हे त्याला कोणी विचारलेलं नव्हतं. शिवाय २०१६ च्या घनकचरा नियमांत रोज सरासरी १०० किलोंच्या वर, सगळ्या प्रकारचा मिळून, कचरा करणारी आस्थापनं मोठ्या कचरा उत्पादकांत मोडत होती. आम्ही त्यात कधीपासूनच होतो. तेव्हा 'व्यवसाय धोरणाचा भाग म्हणून शाश्वत कचरा व्यवस्थापन' अशी एक स्लाइड तयार झाली आणि स्लाइडवर चित्र हवं म्हणून यंत्र आलं. थोडं कडवट वाटेल, पण झालं ते असंच.

पहिले दोन महिने सगळे खूश होते. सकाळी कचरा टाकायचा, दुसऱ्या दिवशी खालून कॉफीच्या पुडीसारखा तपकिरी चुरा काढायचा. १२० किलो टाकले की २८-३० किलो निघायचा. वास मात्र विचित्र, मसालेभाताची भांडी उन्हात ठेवावीत तसा. पाहुणे आले की ओंजळीत घेऊन दाखवायचो.

आमचे माळीकाका खेडकडचे, घरी दोन एकर आणि दोन गाई. त्यांनी तो चुरा गेटजवळच्या तगरीच्या वाफ्यात घातला आणि पाणी सोडलं. चौथ्या दिवशी मला बोलावून घेतलं. वाफ्यावर पांढरी बुरशी कापसासारखी पसरलेली, वास सुटलेला, माश्या घोंगावताहेत. काकांनी काडीने चुरा उकरला. खाली भाताची शितं फुगून पुन्हा शितंच झाली होती.

"मॅडम, ह्ये खत न्हाई. वाळवल्यालं जेवान हाय. आपन कुरडई करतो, तसं."

यंत्राच्या कंपनीचा माणूस म्हणाला, कल्चरची, म्हणजे जिवाणूंची, पुडी कमी पडली असेल. पुडी अर्थातच त्यांच्याकडूनच घ्यायची. ती वाढवली, फरक शून्य. शेवटी नमुना प्रयोगशाळेत दिला. १९८५ च्या खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टसाठी निकष आहेत: कर्ब-नत्र गुणोत्तर २० च्या आत, सामू (पीएच) ६.५ ते ७.५, क्षारता ४ च्या आत. आमचं आलं २६, ५.१ आणि ६.१. म्हणजे तिन्हींत नापास. आंबट आणि खारट. कॅन्टीनच्या रश्शातलं मीठ जाणार कुठे? पाणी उडून जातं, मीठ तिथेच राहतं.

याचं कारण समजायला मला वेळ लागला, म्हणून इथे सांगते. खत होणं हे जिवाणूंचं काम. त्यांना ओल लागते, हवा लागते, ओल्याच्या जोडीला पालापाचोळ्यासारखं सुकं लागतं आणि मुख्य म्हणजे दिवस लागतात. ढीग आपल्याआप ५५ अंशांच्या वर तापतो, मग हळूहळू थंड होतो, मुरतो. या यंत्रात तापमान असतं, पण ते हीटरचं. जिवाणूंचं काम सुरू व्हायच्या आत ओलच उडून जाते. २४ तासांत जे होतं त्याला वाळवण म्हणतात. आकार कमी होतो, वाहतूक सोपी होते, तेवढ्यापुरतं ते उपयोगाचंही आहे. मग यंत्रावर तसंच लिहा ना.

विजेचं तर विचारू नका. ऑगस्टमध्ये हट्टाने वेगळा मीटर बसवून घेतला. रोजचे ९५ युनिट. नऊ रुपयांनी धरले तर दिवसाला ८५५, आणि २६ दिवसांचे बावीस हजारांच्या वर. टेम्पोवाला अकरा हजार घेत होता! हिशेब मांडल्यावर त्यात गूढ काही राहत नाही. १२० किलो खरकट्यात ९० एक किलो निव्वळ पाणी असतं, आणि ते उडवायला ऊर्जा लागणारच, यंत्र कुणाचंही असो.

बिघाडांची यादी छोटी आहे. करवंटी सोडली तर स्टीलचा चमचा एकदा, बुधवारच्या चिकनची हाडं दोनदा, आणि आंब्याच्या दिवसांत कोयी. चमच्याने पात्याचा दांडा वाकला तेव्हा दुरुस्तीवाला नवव्या दिवशी आला. ते नऊ दिवस शेजारच्या कारखान्याने वासावरून आम्हाला जे ऐकवलं ते लिहिण्यासारखं नाही. धुराचा पाइप त्यांच्या ऑफिसच्या खिडकीकडे निघालेला होता. बसवताना हे कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं, माझ्याही.

ऑक्टोबरमध्ये आम्ही हीटर बंद केला. यंत्र आता फक्त कचरा बारीक करून कालवायला वापरतो. रस्सा आधी गाळून घ्यायचा. बारीक झालेल्या लगद्यात आवारातला वाळका पाला मिसळायचा, जो आधी झाडून पेटवून दिला जायचा. मग जाळीच्या क्रेटमध्ये भरून तीन आठवडे मुरवायचं, दर तीन-चार दिवसांनी वरखाली करायचं. कल्चरच्या पुडीऐवजी माळीकाका घरून शेण आणतात. (शेणाचं बिल नसल्यामुळे अकाउंट्सने तीनशे रुपये दीड महिना अडवून धरले होते. शेवटी 'बागकाम साहित्य'.) पहिल्या क्रेटमध्ये काकांनी थर्मामीटर खुपसला आणि तो ५८ दाखवायला लागला तेव्हा आम्ही दोघं शेडमध्ये उभे राहून उगाचच हसत होतो. जानेवारीतल्या नमुन्याचा अहवाल: गुणोत्तर १७, सामू ७.२, क्षारता ३.४. पास. वीज दिवसाला तीसेक युनिटांवर. पावसाळ्यात लगदा फारच पातळ झाला तर तासभर हीटर लावतो, बस.

एवढ्यावर हा अनुभव संपला असता, पण नोव्हेंबरमध्ये एक तराजू घेतला. प्लॅटफॉर्मचा, १५० किलोंचा, आठ हजारांचा. कोणीही नारळ फोडला नाही.

हाउसकीपिंगच्या मावशींनी तीन पिंपं वेगळी ठेवली: भाजीची सालं-देठं, शिजून न वाढलेलं, आणि ताटातलं उष्टं. रोज वजन. पहिल्या महिन्याची सरासरी अशी निघाली: ४५, ३२, ४७. म्हणजे १२४ किलोंतले ७९ किलो हे कचरा नव्हतेच, ते अन्न होतं, आम्ही पैसे मोजून शिजवलेलं. ते वाळवायला आम्ही आणखी पैसे देत होतो.

उष्ट्याचा आकडा कॅन्टीनच्या दारात फळ्यावर लिहायला लागलो. कुणाला उपदेश नाही, फक्त 'काल ताटात राहिलेलं : ४७ किलो'. पहिल्या आठवड्यात त्यावर विनोद झाले, एकाने खाली 'पुरावा द्या' असं लिहिलं. दुसऱ्या आठवड्यात दुसऱ्या पाळीची पोरं पहिल्या पाळीचा आकडा विचारायला लागली. भाताचा डाव लहान केला, 'पुन्हा घ्या पण थोडं घ्या'. हे सोपं होतं.

अवघड होतं ते न वाढलेलं. महाशिवरात्रीला, २६ फेब्रुवारीला, एका पिंपात ७१ किलो वरण-भात आला, हात न लागलेला. साबुदाण्याची खिचडी वेगळी केली होती आणि नेहमीचं जेवणही नेहमीच्याच संख्येने शिजलं होतं. कॅन्टीनवाले दादा शांतपणे म्हणाले, "मॅडम, तुमची ऑर्डर अकराशेची, मी अकराशेचं करतो. उपास कुणाला आहे ते मला कसं कळणार?" बरोबरच होतं त्यांचं. करार ताटांच्या ठरलेल्या संख्येवर, मग कमी शिजवून त्यांना काय मिळणार? तो करार बदलायला मला चार महिने लागले, आणि यंत्र बसवायला चार दिवस. आता प्रत्येक पाळीची हजेरी लागली की खरी संख्या कॅन्टीनला जाते, संकष्टी-एकादशीला आदल्या दिवशी विचारलं जातं, आणि वाचलेल्या धान्यातला वाटा दादांनाही मिळतो. गेल्या महिन्याची सरासरी: ४२, ९, २१. एकूण ७२ किलो. नऊ लाखांचं १२५ किलोंचं यंत्र आज अर्ध्याहून थोडंच जास्त भरतं.

तराजूचं वेड नंतर शॉपमध्ये, म्हणजे उत्पादन विभागात, शिरलं. महिन्याचा सगळा कचरा पहिल्यांदाच एका तक्त्यात मांडला: टर्निंगचा (लेथवर निघणारा) धातूचा चुरा नि इतर धातूचं भंगार ३८ टन, पुठ्ठा साडेचार, लाकडी पॅलेट तीन, तेलकट चिंध्या-हातमोजे-गाळ एक टन शंभर किलो, आणि यंत्र घेतलं तेव्हाचा ओला कचरा सव्वातीन. पन्नासेक टनांतले शंभराला सहा. इतके दिवस आमचं धोरण त्या सहांभोवती फिरत होतं.

तेलकट मालावर जास्त वेळ घालवला, कारण तो घातक कचऱ्यात मोडतो. ९० दिवसांपेक्षा जास्त साठवता येत नाही, प्रत्येक खेपेला मॅनिफेस्ट (मालासोबत जाणारा नोंदीचा कागद), रांजणगावच्या विल्हेवाट केंद्राला पाठवायचा, किलोमागे पैसे, आणि दर वर्षी ३० जूनच्या आत वार्षिक विवरणाचा चार नंबरचा फॉर्म. पिंप उपसून पाहिलं तर निम्म्या गोष्टी कोरड्या: चहाचे कागदी पेले, पुठ्ठ्याचे तुकडे, पट्ट्या. पण तेलकट चिंधीला चिकटल्या की त्याही घातक. घातक कचऱ्याचं लाल पिंप लाइनच्या टोकाला एकच होतं, त्याच्या शेजारी साधं पिंपच नव्हतं. माणूस हातातलं जवळच्या पिंपात टाकतो, त्यात त्याचा काय दोष? प्रत्येक लाइनला जोडी ठेवली. ११०० किलोंचे ६५० झाले. टर्निंगचा चुरा आधी ओलाच भंगारात जायचा, कूलंट (यंत्रकामात वापरायचं थंड करणारं द्रावण) गळत. आता उतरत्या पत्र्यावर रात्रभर निथळतो, खालचं कूलंट गाळून परत वापरतो आणि भंगारवाला कोरड्या मालाला भावही बरा देतो.

पुठ्ठ्याच्या बाबतीत अर्धंच यश आलं. भोसरी आणि तळवड्याचे पुरवठादार आता घडीच्या प्लास्टिक क्रेटमधून माल देतात, गाडी परत जाताना रिकामे क्रेट घेऊन जाते. चेन्नईच्या पुरवठादाराला तेच सांगायला गेलो तर त्याने हजार-बाराशे किलोमीटर रिकामे क्रेट पाठवण्याचं भाडं समोर ठेवलं. तिथे पुठ्ठाच बरा. गिऱ्हाइकाच्या लेखापरीक्षकाला हे पटलं नाही, मला आजही पटलेलं आहे.

एका गोष्टीवरून भांडण झालं, तेही लिहायला हवं. पहिल्या चार महिन्यांत जो चुरा निघाला तो बागेत घालता येत नव्हता, शेवटी तो त्याच टेम्पोवाल्याने नेला. गिऱ्हाइकाच्या प्रश्नावलीत तो 'कंपोस्ट, १०० टक्के पुनर्वापर' म्हणून भरायचा आग्रह झाला, कारण स्लाइड आधीच गेली होती. मी 'विल्हेवाट' रकान्यात लिहिला. वरून फोन आले. मग माळीकाकांच्या वाफ्याचा फोटो आणि प्रयोगशाळेचा कागद जोडून पाठवला, आणि विषय थंडावला. गिऱ्हाइकाकडून एकच प्रश्न आला: वजन कशावर करता?

घ्यायचं का, असं विचाराल तर: कॅन्टीन मोठं असेल, मुरवायला जागा असेल आणि कालवणारा माणूस पक्का असेल, तर बारीक करून मिसळणारं साधं यंत्र घ्या, हीटरवालं घेऊ नका. विकणाऱ्याला तीन गोष्टी विचारा: रोजचे युनिट किती, चुरा ओला केल्यावर आठ दिवसांनी कसा दिसतो, आणि पाती वाकली तर माणूस कितव्या दिवशी येतो. आठ दिवसांचा प्रयोग त्यांच्याच नमुन्यावर, त्यांच्याच समोर करा. पाच ताऱ्यांत मी दोन देईन, त्यातला एक माळीकाकांचा.

मागच्या आठवड्यात दुसऱ्या प्लांटसाठी असंच यंत्र घ्यायचा प्रस्ताव तयार करायला सांगितलं. मी एक तराजू, बारा क्रेट आणि तीन पिंपांची मागणी पाठवली. खरेदी विभागाने परत पाठवलीय: बाकीची दोन कोटेशन जोडा.