देशांचा आपत्ती-धोका: कोणता निर्देशांक कशासाठी घ्यावा?

'वर्ल्ड रिस्क इंडेक्स' देशांना आपत्तीच्या धोक्यानुसार क्रम देतो, सर्वाधिक धोका तो पहिला. त्याच्या २०२० च्या यादीत भारत ८९ वा होता. २०२२ च्या यादीत तो एकदम दुसरा आला, फिलिपिन्सच्या पाठोपाठ. मधल्या दोन वर्षांत ना आपला किनारा लांबला, ना भूकंपाचे पट्टे बदलले. बदलली ती मोजायची रीत. प्रबंधात, बातमीत किंवा संस्थेच्या निधीच्या प्रस्तावात असा आकडा टाकायची वेळ ज्यांच्यावर आली आहे, त्यांनी आधी ही रीत समजून घ्यावी, असं मला कळकळीनं वाटतं.

हा निर्देशांक जर्मनीतल्या मदतसंस्थांच्या आघाडीनं २०११ साली सुरू केला. त्यात दोन गोष्टींचा गुणाकार असतो: किती लोक भूकंप, वादळ, पूर, दुष्काळ यांच्या टप्प्यात राहतात, आणि आपत्ती आलीच तर तो समाज किती कोलमडेल. जुन्या पद्धतीत पहिली गोष्ट टक्केवारीत मोजत. त्यामुळे जेमतेम तीन लाख वस्तीचं वानुआतू वर्षानुवर्षं पहिलं यायचं, कारण तिथं जवळपास सगळेच टप्प्यात. २०२२ पासून टक्केवारीबरोबर माणसांची प्रत्यक्ष संख्याही धरतात. मग भारत, इंडोनेशिया, चीन वर सरकले आणि वानुआतू पहिल्या दहातूनही गेलं. म्हणून २०२१ आणि २०२२ चे क्रमांक एकाच आलेखात जोडू नका. मी हे छापील मजकुरात पाहिलंय, आणि त्यावरून 'भारताचा धोका भडकला' असा निष्कर्ष काढलेलाही पाहिलाय.

गुणाकारातली दुसरी गोष्ट महत्त्वाची का, हे २०१० सालानं दाखवलं. जानेवारीत हैतीला ७.० तीव्रतेचा धक्का बसला. फेब्रुवारीत चिलीला बसला ८.८ चा, म्हणजे ऊर्जेच्या हिशेबात सुमारे ५०० पट मोठा. चिलीत पाचशेच्या आसपास माणसं गेली. हैतीत बहुतेक अंदाज लाखाच्या पुढे जातात. फरक होता बांधकामाच्या नियमांचा, ते पाळले जाण्याचा, आणि हैतीत धक्का थेट राजधानीलगत बसला त्याचा.

जर्मनवॉच ही संस्था मात्र पुढे काय होईल ते सांगत नाही, काय होऊन गेलं ते मोजते: किती मृत्यू, किती नुकसान, लोकसंख्येच्या आणि उत्पन्नाच्या मानानं किती. १९९३ ते २०२२ या तीस वर्षांच्या तिच्या 'क्लायमेट रिस्क इंडेक्स'च्या यादीत भारत सहावा आहे. आता यातली मेख पाहा. हिशेब १९९३ पासूनचा, पण हवामानाशी निगडित आपत्तींचाच. म्हणजे किल्लारीचा भूकंप नाही, २००१ चा भूजचा नाही, २००४ ची सुनामी नाही. दुसरी मेख अशी की याच यादीत इटली पाचवा आहे, मुख्यतः उष्णतेच्या लाटांतल्या मृत्यूंमुळे. युरोपात असे मृत्यू नीट नोंदले जातात. जिथं उन्हानं गेलेल्या मजुराची नोंद फक्त 'हृदयविकार' होते, तो देश कागदावर सुरक्षित दिसतो. हवामानबदलाच्या नुकसानभरपाईवर लिहायचं असेल तर ही यादी घ्या. भूकंपाबद्दल लिहायचं असेल तर तिला हात लावू नका.

तिसरा 'इन्फॉर्म', युरोपीय आयोगाच्या संशोधन केंद्राचा. शून्य ते दहा गुण, आणि धोका, दुर्बलता, तोंड द्यायची कुवत असे तीन भाग. यात युद्ध आणि हिंसाचारही धरतात, म्हणून सोमालिया, दक्षिण सुदान वर असतात आणि भूकंपांचा जपान बराच खाली. कुठं मदत लागेल हे ठरवणाऱ्याला हाच उपयोगी. निव्वळ नैसर्गिक धोका हवा असेल तर एकूण गुण सोडून त्यातला नैसर्गिक आपत्तींचा रकाना वेगळा काढा. एक्सेलमध्ये तो सरळ मिळतो. माझी स्वतःची पसंती यालाच, कारण एकूण गुण उलगडून पाहता येतात.

जिल्ह्याचा किंवा गावाचा निर्णय असेल तर मात्र देशाच्या एका आकड्यानं भागत नाही. ३० सप्टेंबर १९९३ ला अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतर लोक झोपले होते, तेव्हा पहाटे चारच्या सुमारास लातूर-धाराशिव भागात ६.२ चा धक्का बसला. जाड दगडमातीच्या भिंती आणि वर मातीचं जड माळवद. घरं माणसांवरच बसली आणि हजारो जीव गेले. त्या वेळच्या भूकंपनकाशात किल्लारी सर्वांत कमी धोक्याच्या, पहिल्या क्षेत्रात होती. पुढे २००२ च्या नकाशात ती तिसऱ्या क्षेत्रात आली. तेव्हा गावपातळीवर काम करत असाल तर आधी भिंत कशाची, छत कशाचं आणि त्याखाली रात्री किती जण झोपतात, याची घरोघर यादी करा.